कुलकर्णींची सही

शुक्रवार, सकाळचे नऊ, दुबईबाहेर एका क्लबचं नेमबाजीचं मैदान. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिथला कामगार दत्ताराम गुहागरचा, गावी ठासणीच्या बंदुकीसाठी शिसं ओतून गोळ्या करायचा. मॅनेजर कुलकर्णींना हे कळलं आणि त्यांनी विकतच्या गोळ्या मागवणंच बंद केलं. हरणाच्या शिकारीची नवीकोरी रायफल, आणि तिच्यात दत्तारामच्या हातच्या गोळ्या!

"सायेब, हिच्या काडतुसात दारू कमीच भरा. जास्त वेगात शिसं नळीला चिकटतं," तो माझ्यासमोर कुलकर्णींना म्हणाला; मी तिथं बातमीसाठी.

"आता तू मला शिकवणार? यल्ला, चल लवकर, पाहुणे थांबलेत."

पाहुण्यानं दहा गोळ्या झाडल्या. शेवटच्या चार कागदी हरणाला सोडून पाण्याच्या टाकीत घुसल्या. नळीत शिसंच शिसं!

"नळी साफ ठेवली नाहीस. खलास!" कुलकर्णी गरजले. आठवड्यात दत्तारामचा व्हिसा रद्द.

मी विचारलं, "दारू भरली कोणी?"

"पत्रकारांना बंदुकीतलं काय कळतं हो?"

नसेल कळत. वाचता मात्र येतं. काडतुसांचा डबा मी पाहिलाय. त्यावर ‘पूर्ण दारू’ असं लिहिलंय, आणि खाली सही आहे कुलकर्णींची.