आधी उठणार कोण?

उशिरापर्यंत ऑफिसात बसणाऱ्यांचं कौतुक मला सांगू नका. आमच्या शकुंतलाबाईंचं ऐका.

सत्तर-बहात्तरची गोष्ट. सातपूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी क्लार्क होतो. ऑफिस सुटायचं साडेपाचला, पण साहेब सातपर्यंत बसायचे आणि त्यांच्या आधी उठायची कुणाची टाप नव्हती. मग आम्हीही काम सातपर्यंत पुरवून पुरवून करायचो. चारचा चहा होईपर्यंत निम्म्या फायली उघडायच्याच नाहीत.

शकुंतलाबाई नव्या टायपिस्ट. पहिल्याच आठवड्यात साडेपाच वाजले, तशी त्यांनी मशीनवर कव्हर घातलं, पर्स उचलली आणि थेट साहेबांच्या केबिनच्या दारात!

"साहेब, माझं काम झालं. निघते मी."

आम्ही माना खाली घातल्या. गेली बाईची नोकरी!

"थांबा," साहेब म्हणाले. रिकामा डबा पिशवीत टाकला आणि उठलेच. "मीही निघतो. अहो, तुम्ही सगळे काम करत बसलेले असताना मी एकटा घरी कसा जाणार? रोज वाट बघतोय, कुणीतरी उठेल म्हणून!"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या फायली सकाळीच उघडायला लागल्या.

पुढे एकदा मुंबईच्या हेड ऑफिसातून फोन आला. शकुंतलाबाईंनीच घेतला. पलीकडचे साहेब तडकलेले. "काल सहा वाजता फोन केला, तर ऑफिसात कुणीच नव्हतं?"

"नव्हतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "कामही नव्हतं."