मालक कोण, असं ॲपनं विचारलं

...आणि मला सांगा, माणूस स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या स्टुलावर बसलाय, आणि हातातल्या फोननं त्याला विचारावं का, की बाबा रे, तुझा व्यवसाय नेमका कोणत्या प्रकारचा? अहो, फ्रेमचा! मागे भिंतभर लटकल्यायत, लाकडी आहेत, पितळी रंगाच्या आहेत, दिसत नाहीत का तुला? पण नाही. खाली चार गोल काढलेले. वैयक्तिक खातं, एकट्या मालकाचं खातं, भागीदारीचं खातं, कंपनीचं खातं. यातलं एकच निवडा म्हणे. तुम्हाला सांगतो, लग्न ठरलं तेव्हासुद्धा मला कुणी इतका विचार करायला लावला नव्हता. तक्रार नाही हो, सांगतो आपलं.

आता इतकी वर्षं काय चाललं होतं, तर वैयक्तिक खातं. काउंटरवर तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवलेला, गिऱ्हाईक फोन धरतं, टुण्ण वाजतं, पैसे जमा, विषय संपला. पण लोकांना सवय असते ना लिहायची... पैसे पाठवताना लिहितात, 'आजोबांच्या फोटोची फ्रेम', 'काच बदलली', 'उरलेले फ्रेमचे'. ॲपनं ते सगळं वाचलं. आणि एका सकाळी निरोप, की वैयक्तिक खातं हे घरच्यांसाठी आणि मित्रमंडळींसाठी असतं, तुम्ही त्यावर धंदा करताय, तेव्हा प्रकार बदला. आता गिऱ्हाईक म्हणजे घरचंच माणूस, असं मी आयुष्यभर म्हणत आलो, पण ते यंत्राला कोण पटवणार?

बरं, मी ढकललंही असतं पुढे. मी काय काय पुढे ढकलू शकतो ते आमच्या हिला विचारा. पण नेमका त्याच दिवशी नव्या दवाखान्याचा मॅनेजर आला. बारीक अंगाचा, सारखं घड्याळ बघणारा. म्हणाला, "तिन्ही मजल्यांवर चित्रं लावायची आहेत, फ्रेम तुमच्याच आवडल्या. पण आमच्याकडून वैयक्तिक खात्यावर पैसे जात नाहीत. संध्याकाळपर्यंत व्यवसायाचं खातं कळवा, नाहीतर मग दुसरं दुकान बघावं लागेल." तिन्ही मजले! अहो, हल्ली लोक फोटो फोनमध्ये ठेवतात, फोनला कोण फ्रेम करतो? हे काम हातचं गेलं असतं तर पुढच्या वर्षी दुकानाचं शटर वर करायचं की नाही, इथवर गोष्ट आली होती.

म्हणून मी बसलो, आणि छाती काढून दाबलं, एकट्या मालकाचं खातं. मालक! चहावाला मला मालक म्हणतो, समोरचा शिंपी मालक म्हणतो. लगेच पुढचा प्रश्न आला, 'या व्यवसायाचे सर्व निर्णय तुम्ही एकटेच घेता का?' मागे ही फोटोभोवती बसवायचे पुठ्ठ्याचे माउंट कापत होती, पेन्सिल कानावर. नुसतं "हं" म्हणाली. तुम्ही तिचं "हं" ऐकलेलं नाही, म्हणून तुम्ही निवांत बसलायत. माझं बोट जे थांबलं ते थांबलंच. तक्रार नाही हो, सांगतो आपलं.

मग मदतीच्या नंबरावर फोन लावला, स्पीकरवर. आधी बराच वेळ बासरी. मग एक बाई, आवाज असा की मध ओतावा. "सर, आपण मिळून योग्य प्रकार निवडू या हं. किमती कोण ठरवतं?"

म्हटलं, "ही."

"माल कोण मागवतं?"

"हीच. पण टेम्पोतून उतरवून मी घेतो."

"दुकान कोण उघडतं?"

"मी!" म्हटलं एकदाचा सापडला प्रश्न.

"म्हणजे किल्ली तुमच्याकडे असते?"

"नाही, ती... सकाळी ती देते."

"आणि दुकानाचा परवाना, भाड्याचा करार कुणाच्या नावावर?"

आता खोटं कशाला बोलू, कागद करायच्या दिवशी मला ताप होता, ही एकटीच गेली आणि सह्या करून आली, त्यानंतर तो विषय कुणी काढलाच नाही! ते ऐकून बाई म्हणाली, "मग सर, तुम्ही नेमके कोण?" टोमणा नव्हता हो त्यात. तिला बिचारीला कुठला तरी गोल भरायचा होता.

तेवढ्यात मागून आवाज आला, "भागीदारी करा म्हणावं. दोघांचीही नावं घाला." मान वर न करता म्हणाली. मला, खरं सांगतो, इतकं बरं वाटलं. पण मध ओतणारी म्हणते कशी, "करता येईल सर, पण त्याला भागीदारीचा करार लागतो, नोंदणी लागते, त्यात काही आठवडे जातात." आठवडे! इकडे घड्याळवाला संध्याकाळपर्यंतच थांबणार. म्हणजे उरलं काय? एकट्या मालकाचंच खातं, आणि कागद तर हिचे. बोलायला एकच वाक्य उरलं होतं. चहावाला आठवला, शिंपी आठवला. मग म्हटलं, "बाई, हिच्या नावावर करा. मालक हीच आहे. पहिल्यापासून."

हिनं हातातलं पातं खाली ठेवलं. "अहो, नक्की ना?" म्हटलं, "नक्की." मग तिनं पदराला हात पुसले आणि स्वतःचा फोन घेतला, आणि मी ज्याच्यावर अर्धा दिवस घालवला ते तिनं चहा निवायच्या आत भरून टाकलं. उजेड होता तोवर खातं सुरू, दवाखान्याला कळवलं, काम आपलं. शटर वरच राहणार.

पण ही गोष्ट इथं संपली असती तर मी तुम्हाला कशाला थांबवलं असतं? त्या खात्यात म्हणे मालकाला आणखी एक माणूस जोडता येतो, आणि त्याला काय काय करू द्यायचं ते ठरवता येतं. ही म्हणाली, "थांबा, तुम्हाला जोडते." एकेक खूण करत गेली. आलेले पैसे पाहणे, हो. पैसे परत करणे... इथं थांबली. "हे नको."

"का गं?"

"ते म्हातारे मास्तर आठवतात? फ्रेम तर दिलीत, वर पैसेही परत केलेत."

"त्यांच्या बायकोचा फोटो होता गं तो."

"माहितीय. म्हणूनच नको."

आणि त्या फोटोला दुकानातला सगळ्यात भारी पुठ्ठा लावून माउंट कुणी केलं होतं? हिनंच, मला न विचारता. पण म्हटलं, जाऊ दे. मालकाशी वाद घालू नये.

मग माझा फोन वाजला. 'मालकांनी तुम्हाला व्यवसायात जोडले आहे. अधिकार: फक्त पाहणे.' खाली दोन बटणं, 'स्वीकारा' आणि 'नंतर ठरवू'. हे दुसरं बटण लग्नाच्या वेळी कुठं होतं हो? वर पाहिलं तर ही परत माउंट कापायला लागलेली, पेन्सिल कानावर, आणि गालातल्या गालात हसत होती. दाबलं 'स्वीकारा'. हल्ली कुणी दारात येऊन विचारतं, "मालक आहेत का?" मी म्हणतो, आहेत ना, आत माउंट कापतायत. "मग तुम्ही?" मी होय... तक्रार नाही हो, बघतो आपलं.