हौसाच्या पेटीतली ऊब

नाय नाय साहेब, माशांची नव्हे ती पेटी — काच बघून सगळ्यांना तसंच वाटतं — ती हौसाची. हौसा म्हणजे अजगराची मादी, शहाऐंशी साली आमच्याच बागेच्या गडग्यात, दगडी कुंपणात, सापडली, पाठीवर पहारीचा घाव बसलेला. दोन वर्षं सांभाळली मी. फॉरेस्टवाल्यांना सांगून ठेवलेलं, ते बोलले, घाव भरला की रानात सोड. भरत आला होता. आता पेटी रिकामीच. तुम्ही बसा ना, त्या खोक्यावर बसा — दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ महिपत, मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलाय, तुमच्या जेवणाला सुरमई आणायला, लिलाव उरकल्याशिवाय काय येत नाय तो. मला बजावून गेलाय, रघू, मुंबईच्या साहेबांना चहा दे नि तोंड बंद ठेव, दुबईला आंबा पाठवायचं काम आहे हे. चहा दिला ना मी? मग झालं, अर्धं ऐकलं त्याचं.

ती वायर? बल्बची. चाळीसचा बल्ब, नि तो पेटीच्या आत नाय, जाळीच्या पलीकडे — आत लावला तर ती जाऊन विळखाच घालायची त्याला, नि भाजून निघाली तरी हलायची नाय, चटका बसतोय हे त्या जातीला फार उशिरा कळतं. ते काळं बटण म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. आमच्याकडे वीज कधी जोरात कधी मंद, म्हणून बल्ब कमीजास्त करायला बसवलेला. बल्बखाली चिऱ्याचा तुकडा, चिरा ऊब धरून ठेवतो. त्या टोकाला एकतीस-बत्तीस, ह्या टोकाला सव्वीस, नि इथं पाण्याचं घमेलं. कॉलेजातल्या सरांनी दोन थर्मामीटर दिलेले, दोन टोकांना दोन. पण खरं सांगू, मला त्यांची गरज नव्हती. पंचवीस वर्षं आंब्याची आढी लावतोय मी — पेंढ्यात हात घातला की आत आंबा किती तापलाय, उद्या पिकेल की परवा, ते मला मनगटावर कळतं. तसाच पेटीत हात घालायचो. सापाच्या अंगाला आपली ऊब नसते साहेब, बाहेरून घ्यावी लागते, नि जास्त झाली की त्याला सरकायला जागा लागते. एक टोक गार ठेवायचंच. एवढंच काय ते शास्त्र, नि आमच्या दादाला तेवढंही जमलं नाय.

माघातली गोष्ट. वेळणेश्वराला मामेबहिणीच्या मुलीचं लग्न, मला दोन दिवस जावं लागलं, नि इकडे वीज गेली. गारठा होता. तर दादाने काय करावं — पेटीत कार्बाइडच्या पुड्या ठेवल्या. तीन. आंबा तापतो तर साप का तापणार नाय, हे त्याचं डोकं. गोणपाटाखाली पुड्या नि वरून ताडपत्री आवळून बांधली, आढी झाकतात ना, तशी, ऊब बाहेर जायला नको म्हणून. तिने घमेलं सांडलं असणार. पाणी लागलं की कार्बाइड कसं उकळतं ते तुम्हाला सांगायला नको. मी परत आलो तर लसणीसारखा वास पार अंगणापर्यंत. दोन्ही टोकं सारखीच तापलेली — बिचारी काचेच्या कोपऱ्यात तोंड खुपसून पडलेली. उचलली तर पोटाची कातडी माझ्या हाताला चिकटून आली. दादा बोलला, जनावरच ते, बागेत आणखी मिळतील. नि जेवायला बसला. त्याच घडीला मी ठरवलं, ह्याचं उट्टं काढल्याशिवाय राहायचं नाय.

कुठलं कार्बाइड? हां, आता विचारलंत. दादाने तुम्हाला लिहून दिलंय ना, आमचा आंबा नुसत्या पेंढ्यात पिकतो, पावडरीला आम्ही शिवत नाय म्हणून? त्या गोणी उचला — उचला हो, चावत नाय काय — खाली डबा आहे. नि ह्या रांगेतली कुठलीही पेटी उघडा, कागदात पुडी मिळेल. पहिला आंबा मुंबईत लवकर पोचायला हवा ना त्याला. लिहून घ्या सगळं. दोन महिने ह्याच दिवसाची वाट बघतोय मी, तुम्ही येणार कळलं त्या दिवशी मला पहिल्यांदा अन्नाची चव लागली. माझं नुकसान? होऊ दे की. बाग दोघांची आहे, पुड्या तर मीच बांधतो, तेही लिहा, मला काय त्याचं. त्याचा आंबा दुबईला जाता नये, बस. चार लोकांत त्याची मान खाली गेलेली मला ह्या डोळ्यांनी बघायचीय.

मुद्दाम? नाय — मुद्दाम केलं असं नाय म्हणता येणार. पण कळायला नको माणसाला? सांगून गेलेलो ना मी, गरम पाण्याच्या बाटल्या भर, फडक्यात गुंडाळ, एकाच टोकाला ठेव. सगळं सांगितलेलं. म्हणजे — मी करायचो ते तो रोज बघत होता, त्याला माहीत असणारच की. विचारलं होतं त्याने, नाय कशाला बोलू. आदल्या दिवशी आमचं वाजलेलं, बागेच्या पाण्यावरून, माझा त्याच्याशी अबोला. मी यष्टीत चढलेलो, नि हा खाली, खिडकीची दांडी धरून — रघू, वीज गेली तर तिचं काय करू? मी तोंड फिरवलं. बोललो, ऊब दे कायतरी. एवढंच. कंडक्टरने घंटी मारली. तीनदा उठून बघून आला म्हणे पेटीजवळ, वयनी सांगते. नि त्या दिवशी जेवला नाय तो. बसला नुसता ताटावर.

थांबलात का? लिहा ना. महिपत, महिपतच लिहा, ताडपत्री त्याने आवळली. माझ्याकडे असं काय बघताय? वही मिटू नका साहेब, अजून डबा कुठं बघितलात तुम्ही — बरं, मिटा. मिटा. दादाची फटफटी वाजतेय चढावाला. उठा आता त्या खोक्यावरनं, मला आंबे भरायचेत.