काळूच्या बकरीने कोर्ट खाल्ले त्याबाबत

ता. ९ डिसेंबर १९६५

नाव : सोनूबाई भिका तांडेल. वय : साठीच्या पुढे, नक्की कोणी लिहून ठेवलेले नाही. धंदा : मासळी सुकवणे व विकणे. शिक्षण : दुसरी, तीही अर्धी. राहणार : झाई, मांगेलवाडा, जिल्हा ठाणे.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी मुलगा चंदर, सून व नात हंसा यांच्यासह राहते. चंदर होडीवर जातो. हंसा हायस्कुलात शिकते. आमचे मागचे परडे खाडीकडे उतरते होते. उतार असा, की वर ठेवलेली घागर खाली जाऊन शोधावी लागे.

माझा शेजारी काळू याने अर्ज दिला आहे की, मी घरामागे बेकायदा कोर्ट उघडले असून तेथे तारखा देते, पंच बसवते आणि लोकांना शिक्षा करते. अर्ज मला वाचून दाखवला. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त काळूला अक्कल नाही. हे वाक्य लिहायची गरज नाही असे हवालदार म्हणाले. मी लिहा म्हटले.

सदर कोर्ट रिंग खेळायचे आहे. मधे जाळे बांधतात. दोन्ही अंगांना पोरी उभ्या राहतात आणि रबराचे कडे जाळ्यावरून पलीकडे फेकतात. ते खाली पडू द्यायचे नाही, एवढाच खेळ. शाळेचे मैदान मुलगे सोडत नाहीत. म्हणून हंसा व तिच्या सोबतिणी आमच्या वाळवणात खेळत आणि माझे बोंबील तुडवत. मला खेळाचे काही पडलेले नाही. बोंबील वाचावेत म्हणून परडे दिले.

दिवाळीनंतर काम काढले. वरची माती खणून खाली टाकली. ती खाली थांबेना, म्हणून फळ्यांचा बांध घातला. फळ्या कुठल्या असे विचारल्यावरून सांगते की, त्या माझ्या मयत नवऱ्याच्या होडीच्या आहेत. तो गेल्यापासून होडी किनाऱ्यावर उपडी पडून होती. चंदर फोडायला तयार होईना. पहिला घाव मी घातला. फळ्या चांगल्या निघाल्या.

बांधाच्या आत शिंपले व मुरूम भरून धुमसाने ठोकले. पाणी साचू नये म्हणून खाडीच्या अंगाला जरासा उतार राखला. चंदर म्हणाला, "आये, कोर्ट एका बाजूला कललं गं." मी म्हटले, "कलू दे. कोर्टच आहे." हे काळूने कुंपणापलीकडून ऐकले.

मुरुमावर पोरींचे गुडघे सोलू लागले. गवत लावावे तर खाऱ्या वाऱ्यात जगत नाही. म्हणून मिठाच्या रिकाम्या गोण्या उसवल्या आणि दाभणाने एकीला एक जोडल्या. ज्या हंड्यात आम्ही जाळी रंगवतो त्यात हिरवा रंग टाकून गोणपाट उकळले. मग खुंट्या मारून ताणून बसवले. लांबून गवतच दिसते. शाळेच्या देवकीबाई चपला काढून त्यावर उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "सोनूबाई, असं शहरातसुद्धा नाही हो." मी म्हटले, "शहरात रिकाम्या गोण्या उरत नसतील."

गेल्या सोमवारी काळूची बकरी कुंपणातून आत आली. तिला वर हिरवे दिसले, तोंडात खारट लागले. तिचा दोष नाही. तिने एक कोपरा खाल्ला, आणि ओढाओढीत खुंट्या उपटून खालची भर उकरली. मी काळूला हाक मारली. बोलणे झाले ते असे :

"काळू, तुझ्या बकरीनं कोर्ट खाल्लं."

"काय खाल्लं, काकी?"

"कोर्ट! आता भरपाई तुझ्याकडं. दहा पाट्या माती आणून टाक. रविवारी तारीख आहे. वेवजी गावची पार्टी येणार, देवकीबाई पंच आहेत."

"आणि नाही टाकली तर?"

"तर बकरी कोर्टात जमा."

काळू याआधी एकदा खऱ्या कोर्टात गेला होता, पलीकडच्या शेजाऱ्याशी कुंपणाच्या तंट्यात. तिथे त्याचे तीन पावसाळे गेले आणि कुंपणही गेले. त्यामुळे तो घाबरला. आठ पाट्या त्याने निमूट टाकल्या. मग त्याला वाड्यात कोणीतरी शहाणपण शिकवले आणि तो इकडे चौकीवर आला.

काल जमादारसाहेब पाहणीला आले. बूट काढून गोणपाटावर चालले व मऊ आहे म्हणाले. तरी जबाब होईपर्यंत खेळ बंद ठेवा, असे सांगून गेले. तेव्हापासून हंसा जेवलेली नाही. वेवजीच्या गंगी, जमना व इतर पोरी रविवारी चालत येणार आहेत. हंसाला पुढचा रविवार चालणार नाही. त्या दिवशी तिचा साखरपुडा आहे, माघात लग्न. सासरी परडे सपाट आहे की कसे, ते मी विचारलेले नाही.

आज काळू पुराव्यासाठी बकरी घेऊन आला आहे. तिची जीभ अजून हिरवी आहे. जमादारसाहेबांनी त्याला आत बोलावून, हे कोर्ट खेळायचे आहे, असे माझ्यादेखत समजावले. त्याने बकरीचा दोर सैल सोडला. मग म्हणाला, "म्हणजे काकी, शिक्षा नाही?"

मी म्हटले, "शिक्षा आहे. दोन पाट्या राहिल्यात."

त्या आज दिवस मावळायच्या आत टाकतो, असे त्याने कबूल केले. रविवारी खेळ होऊ द्यावा, असे साहेबांनी हवालदारांना सांगितले. मी साहेबांना बोलावणे केले आहे. बूट घालून येऊ नये. माझी काळूविरुद्ध तक्रार नाही. बकरी बांधून ठेवावी.

हवालदारांनी हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. त्यात जागोजाग 'न्यायालय' असे घातले होते, ते खोडून 'कोर्ट' करून घेतले. आता मी बोलले तसे आहे, बरोबर आहे.

निशाणी अंगठा, सोनूबाई भिका तांडेल.

डाव्या अंगठ्याचा हिरवा रंग निघत नसल्याने ठसा उजव्याचा घेतला आहे.