मुंग्यांनी पकडलेली शुगर

शुगर मुंग्यांनी पकडली असं कधी ऐकलंय का? राहुरीच्या आमच्या मामांची पकडली.

मामा महिनाभर वाळत चालले होते आणि "उन्हानं हाय" म्हणून विषय टाळायचे. मामींची तक्रार वेगळीच. आम्ही जेवायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "न्हानीत मुंग्या लई झाल्यात. पावडर टाकून दमले."

माझी बायको सुनीता नर्स. नगरच्या सावेडीत घरोघरी जाऊन पेशंटची शुगर तपासते. तिचा घास हातातच राहिला.

"मामी, मुंग्या कधी येतात?"

"तुझे मामा लघवीला जाऊन आले की!"

ती तशीच उठली, पर्समधून मशीन काढलं आणि मामांच्या बोटाला सुई टोचली. आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय' आलं.

मामा खूश. "बघ, मशीनबी म्हनतंय, समदं बेस हाय!"

"मामा, हा इंग्रजीतला हाय आहे! शुगर मशीनच्या मापाबाहेर गेलीय!"

आम्ही सगळे ताटावरून उठलो आणि मामांना गाडीत घालून थेट नगरला दवाखान्यात नेलं. आणखी उशीर झाला असता तर शुद्ध हरपली असती, असं डॉक्टर म्हणाले.

मामा सावरल्यावर डॉक्टर सांगत होते, "काका, आपले जुने वैद्य मधुमेह मुंग्यांवरूनच ओळखायचे. तिकडं विलायतेत तर डॉक्टर लघवी चाखून बघायचे."

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. ते सुनीताकडे वळले.

"सूनबाई," ते म्हणाले, "बरं झालं, मशीन निघाल्यावर जन्माला आलीस!"