मधली कयाक

बर्फाळ उत्तरेतल्या सिसिमिउत गावच्या होड्यांच्या दुकानात, रांगेत उभ्या सेवेरीने नावाच्या गिऱ्हाइकाच्या पुढेच एक आजी नातीशी हुज्जत घालत होती.

“ही छोटी कयाक हलकी आहे, आजी.”

“आणि तंबू, आठवडाभराचा शिधा काय डोक्यावर नेणार?”

“बरं, मोठी घेते.”

“अर्धी रिकामी राहिली की वारा भोवऱ्यासारखी फिरवेल. मधली घे. येताना रेनडिअरचं मांसही मावेल.”

“मी कधी मांस आणलंय?”

“जन्मभर आणलंत की!”

“अगं, ते आजोबा!”

“ते गेल्यावर त्यांचं नाव तुम्हाला दिलं, म्हणजे आपल्या रीतीप्रमाणे ते तुम्हीच. अहो, त्या मांसाबद्दल तेव्हा तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. आज मानते.”

 नात दुकानदाराकडे वळून म्हणाली, “मधलीच द्या. बायकोसाठी मांस आणायचंय.”