माझ्या सत्कारातील अलंकार

...आणि वर लोक मलाच म्हणतात, ‘जाऊ द्या बाई, लेकरं हायेत.’ कसे जाऊ द्यावे, तुम्हीच सांगा? निवृत्तीनंतर पहिलाच सत्कार, तोही पेडगावच्या आमच्या शाळेत, त्यासाठी पूर्णेहून जाऊबाई आलेल्या, आणि ज्यांनी मला जन्मभर नाक मुरडून ‘मास्तरीण’ म्हटले त्यांच्या कानांवर माझी स्तुती एकदा तरी पडावी, एवढीच माझी इच्छा; पण समोर सतरंजीवर आठवीचा वर्ग बसला होता, आणि त्या वर्गाला निवृत्तीआधी शेवटचा महिनाभर अलंकार शिकवले होते मीच.

तुम्हाला सांगते, ही मुले कशालाही उपमा म्हणायची. म्हणून मी नियम केला: घरी, बाजारात, एसटीत, जिथे अलंकार ऐकू येईल तिथे उभे राहायचे, नाव सांगायचे, कारणासह. अंदाजे चालणार नाही.

अध्यक्ष दिनकरराव, माझाच जुना विद्यार्थी, फेटा सावरत उठले. ‘आमच्या बाई म्हणजे साक्षात सरस्वती...’

चंदा उभी. ‘रूपक, बाई. दोन्ही एकच मानलेत.’

आता बरोबर उत्तराला ‘गप्प बस’ कसे म्हणणार? मी मान डोलावली. तिथेच चुकले...

‘बाई बोलायला लागल्या की जणू कोकिळाच...’

‘उत्प्रेक्षा,’ सिद्धोधन म्हणाला, ‘जणू आलंय.’

दिनकररावांनी घाम पुसला आणि हट्टाने पुढे रेटले. ‘बाई नुसत्या खाकरल्या तर तिकडं सेलूच्या टेसनात गाडी थांबायची.’

अर्धा वर्ग उठला. ‘अतिशयोक्ती.’

अंदाजे चालणार नाही, हे मीच शिकवलेले, बोलू कुणाला?

जाऊबाई पुढे वाकल्या. ‘म्हंजी हे खरं न्हाई का गं, पोरी?’

‘न्हाई आजी. फुगवून सांगायलेत.’

जाऊबाईंचा चेहरा असा उजळला म्हणता... अखेर दिनकररावांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला, माझ्याकडे बघितले आणि म्हणाले, ‘बाई लय मारायच्या. पर मी आज चार मान्सात उभा हाय, ते बाईमुळं.’

वर्गातले कुणी हलेना. मलाच राहवेना, अंदाजे कसे चालेल? ‘चंदा, अलंकार कोणता?’

‘कोणताच न्हाई, बाई. हे खरंय.’

माझे डोळे भरून आले, खोटे कशाला सांगू? अशी दोन निर्मळ वाक्ये आणि ती ऐकायला प्रत्यक्ष जाऊबाई... परतीच्या गाडीत बसेपर्यंत त्यांनी त्यातले पहिले तोंडपाठ केले होते.